तीन गव्यांची वाट

मुलांनो, डोंगराच्या कुशीत मोहाची आणि तेंदूची झाडे दाटीने उभी असलेल्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. आखूड पाय, बारीक डोळे, अंगभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे लांब काटे, आणि चालताना त्या काट्यांचा खुळखुळ आवाज. साळू हा रात्रीचा जीव. दिवसभर बिळात झोपायचे आणि दिवस मावळला की कंदमुळे उकरायला बाहेर पडायचे, असा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी बिचारीला धड झोप म्हणून मिळाली नाही.

का मिळाली नाही, ते सांगते.

त्या जंगलातला झरा आटला. आधी तो बारीक झाला, मग गढूळ झाला, आणि एका उन्हाळ्यात तिथे नुसता ओला दगड उरला. प्राणी येत, दगड चाटून बघत आणि मान खाली घालून परत जात. पावसाळा त्यांनी कसाबसा त्याच जागी काढला. थंडी पडली तेव्हा सगळे एकत्र बसले आणि ठरले, की आता इथून उठायचे. डोंगराच्या पलीकडे एक मोठा उताराचा माळ होता आणि माळाच्या पायथ्याशी बारमाही पाण्याचे तळे होते. तिथे नवी वस्ती करायची.

"पण या खेपेला नीट आखून करायची हं!" कोल्हा म्हणाला. कोल्हा बोलण्यात तरबेज. कुठल्याही सभेत पहिला आवाज त्याचाच. "इथं काय झालं बघा. ज्याला जिथं वाटलं तिथं त्यानं बूड टेकलं. पाण्याला जायची वाट कशी, तर याच्या बिळावरून आणि त्याच्या शेपटीवरून! नव्या जागी आधी आखणी, मग घर."

सगळ्यांना ते पटले. गवा सगळ्यांत थोराड, म्हणून त्याला पुढारी नेमले, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी माळावर गेली.

आता आखणी करायची तर खुणा हव्यात. दगड मांडले, तर माकडांनी ते खेळायला नेले. काटक्या रोवल्या, तर आठ दिवसांत वाळवीने खाल्ल्या. रानडुकराने नाकाने मातीत रेघा ओढल्या, त्या वाऱ्याने पुसल्या. सगळे डोके खाजवत बसले असताना सशाचे लक्ष खाली पडलेल्या एका काट्याकडे गेले. तो साळूच्या अंगावरून गळलेला होता. सशाने तो मातीत खोचून पाहिला. ताठ उभा राहिला. लांबून बघितला, तर पांढरे पट्टे उन्हात लख्ख दिसत होते.

"जमलं की!" ससा टुणकन उडाला. "वाळवी खाणार नाही, वारा पाडणार नाही. साळूमावशीच्या काट्यांच्या खुंट्या!"

सगळ्यांनी वळून पाहिले. साळू एका दगडाच्या सावलीला डोळे मिटून बसली होती.

"साळूबाई! अहो साळूबाई! झोपलात की काय?" गव्याने विचारले.

"झोपत होते," साळू म्हणाली.

तिला उठावेच लागले. बाकीची मंडळी दिवसा कामाला लागणारी. त्यांची सभा सकाळी, मोजणी दुपारी. त्यामुळे ज्या वेळी साळूने गाढ झोपायचे, त्या वेळी ती माळावर उन्हात उभी राहू लागली. काटे तिच्या अंगचे, मग ते कुठे रोवायचे हेही तिनेच पाहायचे, असे आपोआपच होऊन बसले. कुणी तिला नेमले नाही, आणि कुणी मोकळेही केले नाही.

तिने एकच गोष्ट आधी मागितली. "घरं मागाहून. आधी पाण्याची वाट आखू."

"किती रुंद ठेवायची?" कोल्ह्याने विचारले.

"तीन गवे शेजारी शेजारी चालतील एवढी."

"तीन!" रानडुक्कर फुरफुरले. "वाट करायची आहे का मैदान? एक गवा जाणारा, एक येणारा. तिसरा कशाला?"

साळूने मातीत तीन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "एक जाणारा, एक येणारा, आणि एक कुणीतरी थकलेला. तो मधेच बसला तरी बाकीच्यांची वाट अडायला नको."

गवा आपल्या दोन्ही भावांना घेऊन आला. माळाच्या वरच्या टोकापासून तळ्यापर्यंत तिघे खांद्याला खांदा लावून हळूहळू चालत गेले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी, दर वीस पावलांवर, साळू एकेक काटा रोवत गेली.

मुलांनो, साळूचे काटे आपोआप गळतात हे खरे, पण दिवसाला दोन, फार तर चार. तेवढ्याने काय होणार? मग ती दातांनी धरून काटे उपटायची. प्रत्येक काट्याला पाठीत एक कळ यायची. ती डोळे मिटून घ्यायची, कळ जिरली की काटा रोवायची, आणि पुढच्या वीस पावलांवर जायची.

वाट झाली. मग घरांच्या जागा आखायला घेतल्या, आणि खरे हाल सुरू झाले.

"माझ्या दारात सकाळचं ऊन येत नाही," ससा म्हणाला. जागा बदलली, खुंट्या उपटल्या. "मला या डुकराचा शेजार नको, तो रात्रंदिवस उकरतो," कोल्हा म्हणाला. पुन्हा खुंट्या उपटल्या. "मग मलाही कोल्ह्याचा शेजार नको, तो रात्रंदिवस बोलतो," रानडुक्कर म्हणाले. पुन्हा बदल. प्रत्येक बदलात चार-दोन काटे मोडायचे आणि साळूला तितके नवे काढून द्यावे लागायचे. एक आराखडा होता होता तीनदा मोडला. थंडी संपत आली तेव्हा साळूच्या पाठीवर मोजके काटे उरले होते. ती चालायची, पण खुळखुळ वाजायचे नाही. काट्याला वाजायला शेजारी दुसरा काटा लागतो.

शेवटच्या दिवशी सगळ्या जागा वाटून झाल्या. माळाच्या अगदी वरच्या टोकाला, तळ्यापासून सर्वांत लांब, एक खडकाळ तुकडा उरला होता. तो कुणीच मागितला नव्हता.

"हा कुणाचा?" गव्याने विचारले.

"माझाच असेल," साळू म्हणाली. "दुसऱ्या कुणाला राहिला आहे का बघा, नाहीतर माझाच."

मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली. बोलायची तिला सवय नव्हती. "माझे काटे पुन्हा यायला वर्ष लागेल," ती म्हणाली. "तोवर मी अशीच, उघडी. बिबट्या आला तर मला लपण्याशिवाय गती नाही. पण त्याचं मला काही नाही. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. वाट तेवढी आहे तशी राहू द्या."

"शब्द!" गव्याने खूर आपटला. "शब्द, शब्द!" सगळे ओरडले. कोल्ह्याने तर साळूच्या त्यागावर असे छान भाषण केले की सशाचे डोळे पाणावले. साळूला मात्र ते भाषण पुरते ऐकता आले नाही. तिला बसल्या जागी झोप लागली होती.

त्यानंतर साळूने बीळ उकरले आणि ती झोपली. दिवसामागून दिवस ती नुसती झोपून होती. संध्याकाळी जेमतेम पाण्यापुरते उठायची, काळोखात तळ्यावर जायची, आणि परत येऊन पडायची.

तिच्या जवळची म्हणावी अशी एकच मैत्रीण होती. ती म्हणजे टिटवी. टिटवीची जागा वाटेच्या कडेला, तळ्याच्या थोडी वर, गव्याच्या जागेला लागूनच होती. बाकी सगळ्यांनी आपापल्या जागेला बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. टिटवीने काहीच घातले नाही.

"तुझं कुंपण कुठं आहे गं?" साळूने एकदा विचारले.

"आमचं काय बाई! चार खडे आणि वर आभाळ," टिटवी म्हणाली. "कुंपण घातलं तर मला लांबचं दिसायचं कसं? आणि लांबचं नाही दिसलं तर तुम्हाला हाका कोण मारणार?"

चैत्रात टिटवीने त्या उघड्या जागेवर, खड्यांच्या मधोमध, चार अंडी घातली. अंडी हुबेहूब खड्यांसारखीच होती, ठिपक्यांची. दोन पावलांवरूनसुद्धा ओळखू येत नसत. ती साळूने पाहिली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आले.

त्याच संध्याकाळी परत येताना सशाच्या कुंपणाला साळूची बाजू घासली. ती थबकली. इथे कुंपण अंगाला लागायचे काय कारण? तिने खाली पाहिले. खुंटी होती, तिचाच काटा, ताठ उभा. पण त्याच्या मागे मातीत एक बारीक भोक होते. त्या भोकाच्या मागे आणखी एक. त्याच्याही मागे आणखी एक, थोडे बुजलेले. जणू काट्याला पाय फुटले होते, आणि तो एकेक पाऊल टाकत वाटेत शिरला होता.

साळू पुढे गेली. समोर रानडुकराच्या खुंटीमागे चार भोके. कोल्ह्याच्या दारापुढे वाटेतच मातीचा ऐसपैस ओटा. त्याची खुंटी ओट्याच्या या टोकाला, नीट रोवलेली! साळूने ती वाट आडवी चालून पाहिली. आता तिथे एकच गवा मावला असता, तोही अंग चोरून.

दुसऱ्या दिवशी झोप मोडून ती भर उन्हात दारोदार गेली.

"अहो मावशी, एक पाऊल सरकवलं हो!" ससा म्हणाला. "आणि तेही सशाचं पाऊल! पोरं झाली, अंगण पुरेना."

"तीन भोकं आहेत बाळा."

"तीन वेळा पोरं झाली," ससा म्हणाला.

रानडुक्कर दारातच लोळत होते. "मला काय सांगता? आधी सशाला सांगा. त्यानं सुरुवात केली. त्यानं घ्यायचं आणि मी बघत बसायचं? मी काय खुळा आहे?"

गवा जरा ओशाळला. "साळूबाई, मी फक्त एक खूर सरकलो. पण आता माझा खूरच एवढा, त्याला मी तरी काय करू?"

कोल्हा ओट्यावर बसला होता. त्याने साळूला आग्रहाने शेजारी बसवून घेतले. "तुमचं अगदी बरोबर आहे बाई. अगदी शंभर टक्के. पण तुम्ही केवढ्या थकलात! स्वतःकडे बघा जरा. हा विषय सभेत घेऊ. पावसाळा होऊन जाऊ दे, मग निवांत सभा लावू. आणि ओट्याचं म्हणाल, तर हा मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना टेकायलाच बांधलाय. तुम्हीच म्हणाला होतात ना, थकलेल्याचं बघायला हवं म्हणून?"

साळूला उत्तर सुचले नाही. खरे बोलणाऱ्याला पुष्कळदा लगेच सुचत नाही, मुलांनो. ती उठली, वाटेवरच्या जमतील तेवढ्या खुंट्या तिने जुन्या भोकांत नेऊन बसवल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते, तर त्या पुन्हा वाटेत. तिने पुन्हा बसवल्या. पुन्हा सरकल्या. नवे काटे द्यावेत तर अंगावर नव्हते.

"अगं, ठणकावून बोल ना!" टिटवी अंड्यांवर बसल्या बसल्या म्हणाली. "काटे तुझे, पाठ तुझी, मग भीती कुणाची?"

"किती वेळा बोलू गं?" साळू म्हणाली. "प्रत्येक जण म्हणतो, माझं एकच पाऊल. आणि खोटं नाही बोलत कुणी. एकेका वेळी एकच पाऊल असतं. मला आता झोपू दे."

आणि ती झोपायला निघून गेली. यात तिचेही थोडे चुकलेच. पण ती फार दमली होती.

वैशाखातल्या एका दुपारी डोंगराच्या माथ्यावर वणवा पेटला. वारा माळाकडे वाहत होता. टिटवीने लांबूनच धूर पाहिला आणि ती उंच उडाली. "उठा, उठा! आग! तळ्याकडे पळा!" ती वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरली. एकेका दारावरून दोन-दोन वेळा गेली. साळूच्या बिळापाशी तर खाली उतरून तिने चोच आपटली. "ऊठ गं बाई! आज तरी झोपू नकोस!"

सगळी वस्ती बाहेर पडली आणि वाटेला लागली. पुढे गवा, तो त्या वेळी वर माळावर चरत होता. त्याच्यामागे त्याचे भाऊ, रानडुक्कर, कोल्हा, भेकरे, ससे आणि सशांची पोरे. सगळ्यांत मागे, धापा टाकत, साळू. सुरुवातीला सगळे धडपणे चालले होते. मग गव्याच्या जागेपाशी वाट एकदम आखडली. एका बाजूला गव्याचे कुंपण, दुसऱ्या बाजूला भेकराचे. गव्याने मान खाली घालून घुसायला पाहिले, आणि त्याची शिंगे त्याच्याच कुंपणाच्या बोरीच्या काट्यांत अडकली.

"पुढे व्हा!" मागून रानडुक्कर ओरडले.

"कसा होऊ? मागे सरा!"

"मागे आग आहे! तुमचं कुंपण मोडा ना!"

"मोडतोय की! घट्ट बांधलंय मी!"

गवा हिसके देत होता. काटे त्याच्या डोळ्यांत जात होते. धूर खाली उतरला. सशाची पोरे किंचाळू लागली. शेवटी एक दोरखंड तुटावा तसे कुंपण कडाकडा तुटले आणि गवा पुढे फेकला गेला. पण तो वाटेवर गेला नाही. तोल जाऊन तो कडेला गेला, जिथे कुंपण नव्हते, जिथे जागा मोकळी होती. आणि मागची सगळी झुंड, जिकडे मोकळे दिसले तिकडेच, त्याच्यामागे लोटली.

ती टिटवीची जागा होती.

टिटवी खाली झेपावली. अंड्यांपुढे उभी राहून तिने दोन्ही पंख पसरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली. गाय आली, म्हैस आली, तरी टिटवी अशीच उभी राहते, आणि एकटे जनावर असले तर बाजूने जातेही. पण ही झुंड होती, आणि धूर होता. साळूने मागून ते पाहिले. "थांबा! तिथं नको! तिथं अंडी आहेत!" ती ओरडली. पण तिचा आवाज मुळात बारीक, आणि सगळ्यांच्या मागे.

सगळे तळ्यात उतरले. सगळे वाचले. साळू शेवटी पोचली, तेव्हा तिची उघडी पाठ होरपळली होती. ती पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहिली. बोरीची वाळलेली कुंपणे एकामागून एक पेटत गेली. कोल्ह्याचा ओटा तेवढा राहिला, कारण तो मातीचा होता.

आग विझल्यावर मंडळी परत वर आली. टिटवी आपल्या खड्यांपाशी उभी होती, अगदी गप्प. गप्प टिटवी याआधी कुणीच पाहिली नव्हती. खड्यांवर चार ओले डाग होते.

गवा पुढे आला. त्याच्या कपाळातून रक्त येत होते. "टिटवीताई, दिसलं नाही हो," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, दिसलं नाही."

"कसं दिसेल?" टिटवी हळू आवाजात म्हणाली. "माझं कुंपण नव्हतं ना. तुम्हाला जायला तेवढीच जागा उरली होती."

कुणी मान वर केली नाही. ससा मागच्या मागे सरकत गेला आणि एका जळक्या बुंध्याआड जाऊन बसला.

थोड्या वेळाने कोल्ह्याने घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं. आता पुन्हा आखणी करू. या वेळी अगदी पक्की. साळूबाई, तुमचे काटे जर..."

साळू उठली आणि तिने सगळ्यांकडे पाठ केली. भाजलेल्या लाल कातडीवर सात-आठ काटे होते, तेही अर्धे जळलेले. सगळ्यांना नीट दिसावे म्हणून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"नाहीत," ती म्हणाली. "आणि असते तरी आता दिले नसते. माझा काटा तुम्ही सरकवलात, कारण तो तुम्हाला दुखत नव्हता. आता खुंट्या तुम्हीच व्हा."

"म्हणजे?" गव्याने विचारले.

"गव्याचे भाऊ डोंगरावरून मोठे दगड लोटत आणतील. एका माकडाला हलणार नाही, एका डुकराला उचलणार नाही, असे. दगड यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर उभं राहायचं. माझी जुनी भोकं अजून आहेत. पहिलं भोक शोधा, आणि त्यावर पाय ठेवून उभे राहा. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत."

रानडुक्कर काहीतरी पुटपुटणार होते, पण त्याची नजर टिटवीकडे गेली आणि ते आपले पहिले भोक शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळे वाटेच्या दोन्ही कडांना उभे राहिले. वैशाखाचे ऊन, वर सावलीचे पान नाही, खाली तापलेली राख. साळू वाटेच्या मधून हळूहळू चालत खाली जायची आणि हळूहळू वर यायची. दुपार झाली की ससा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागायचा.

"मावशी," तो एकदा म्हणाला, "तो बघा, त्या दगडाची सावली पडलीय. सरकू का? एकच पाऊल."

"सरक की," साळू म्हणाली. "मी कोण नको म्हणणारी? फक्त समोर डुकराला विचार, तू सरकलास तर तो काय करेल."

सशाने समोर पाहिले. रानडुक्कर त्याच्याकडेच टक लावून बघत होते. त्याच्यापलीकडे कोल्हा, त्याच्यापलीकडे गवा, सगळे घामाघूम, सगळ्यांचे डोळे सशाच्या पायावर. सशाने पाय जागच्या जागी दाबून धरला.

"एक पाऊल केवढं असतं हो मावशी," तो म्हणाला.

"असतं खरं," साळू म्हणाली आणि पुढे गेली.

कोल्ह्याची हद्द ओट्याच्या मागे होती. दोन दिवस त्याने ओट्याकडे पाहत उभे राहून काढले. तिसऱ्या दिवशी तो कुणाला काही न बोलता ओटा उकरू लागला. त्या दिवशी त्याने भाषण असे एकही केले नाही.

दहाव्या दिवशी दगड बसले. गवा आणि त्याचे दोन्ही भाऊ वरच्या टोकापासून तळ्यापर्यंत खांद्याला खांदा लावून चालत गेले. एकदाही कुणाचे अंग दगडाला घासले नाही. टिटवीच्या जागेपाशी तिघांनी चाल हळू केली आणि माना खाली घातल्या. टिटवीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती आभाळाकडे पाहत होती. पण जागा सोडून ती गेली नाही, एवढे खरे. पुढे ज्येष्ठात तिने त्याच खड्यांत पुन्हा अंडी घातली, या वेळी तीनच.

त्या दिवशी दिवस मावळायला साळू पाण्यावर निघाली. अर्ध्या वाटेवर तिचे पाय गेले. आता चार पावले पुढे टाकावीत एवढीही ताकद तिच्यात नव्हती. ती वाटेच्या मधोमध बसली. मग आडवी झाली. आणि तिला तिथेच झोप लागली, थंडीपासूनची राहिलेली.

तळ्याकडून गवा वर येत होता. वरून रानडुक्कर खाली निघाले होते. साळूला पाहून दोघेही थांबले.

"उठवू का?" रानडुक्कर कुजबुजले.

"नको," गवा म्हणाला. "ती जागा तिचीच आहे. तिसऱ्याची."

मग गवा तिच्या डाव्या अंगाने वर गेला, रानडुक्कर उजव्या अंगाने खाली गेले, आणि दोघांच्याही पावलांनी तिची झोप मोडली नाही.

तात्पर्य : जो तो आपल्यापुरते एकच पाऊल सरकतो, आणि सगळ्यांची वाट बुजते, त्याची झळ मात्र बहुधा त्यालाच लागते, ज्याने एकही पाऊल सरकवलेले नसते.